ताईचा स्तनाचा कॅन्सर: पैसे, माणसं आणि रोजची धावपळ, मदत कुठून उभी करायची?

मनवा_के | २ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या मोठ्या बहिणीला (वय ४४) उजव्या स्तनाचा कॅन्सर निघाला. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये 'हर-टू पॉझिटिव्ह' आलंय, म्हणजे गाठीच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त आहे. डॉक्टरांनी सांगितलेला क्रम असा: आधी ऑपरेशन, मग दर २१ दिवसांनी एक अशा ६ केमो, मग रेडिएशन, आणि केमोच्या पहिल्या दिवसापासून पुढे वर्षभर ट्रॅस्टुझुमॅब नावाची, त्या हर-टूवरची इंजेक्शनं. ताई शाळेत शिकवते, भावजींची नोकरी पाळ्यांची, मुलं १५ आणि ९ वर्षांची.

आजाराबद्दल डॉक्टर अगदी नीट बोलले. खर्चाचं विचारलं तर म्हणाले, "ते बाहेर काउंटरवर विचारा." काउंटरवरच्या माणसाने ऑपरेशनचा आकडा सांगितला आणि पुढचं "तेव्हाचं तेव्हा बघू" म्हणाला. मला हे तेव्हाचं तेव्हा झेपत नाही. घरात फाइल माझ्या ताब्यात आहे, आणि वर्षभराचा एकूण आकडा काय हेच कुणाला माहीत नाही.

विमा आहे, पण पुरणार नाही असं दिसतंय. बाकी मदत कुठे आणि कधी मागायची? शिवाय घरातलं कोण कसं बघणार? त्यात ताईचं पालुपद, "कुणापुढे हात पसरायचे नाहीत, शाळेत कुणाला सांगायचं नाही." कुणी यातून गेलं असेल तर लिहा प्लीज.

रानजाई | २ फेब्रुवारी

मनवा, अगं आधी पाणी पी. मी ६ वर्षांपूर्वी यातून गेले आहे, आज धडधाकट तुला टाइप करते आहे.

माझी सगळ्यात मोठी चूक सांगते. निदान झालं त्या महिन्यात आम्ही घाबरून होत्या त्या ठेवी मोडल्या आणि ऑपरेशन अधिक दोन केमो रोख भरून टाकल्या. मग कुणीतरी एका न्यासाचं नाव सुचवलं. तिथल्या बाईंनी सगळी बिलं बघितली, फार चांगलं बोलल्या आणि शांतपणे सांगितलं, "भरलेल्या बिलाला आम्ही पैसे देत नाही, होणाऱ्या खर्चाला देतो." पुढे कळलं की बहुतेक ठिकाणी हाच नियम असतो. म्हणजे जे पैसे असतात ते आधी संपवायचे आणि मग मदत शोधायची, हा आपला घरगुती स्वाभिमान इथे उलटा पडतो.

दुसरं म्हणजे डॉक्टरांशी पैशाचं बोलायला लाजू नकोस. मी एकच प्रश्न पाठ केला होता: "हा तपास केला नाही तर उपचार बदलतील का?" दोनदा उत्तर आलं, "नाही, नाही बदलणार." ते दोन्ही तपास राहिले. हे काही माझं शहाणपण नव्हे. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ सालीच सांगून ठेवलंय की सुरुवातीच्या टप्प्यातल्या, कमी धोक्याच्या स्तनाच्या कॅन्सरला पेट-स्कॅन, हाडांचा स्कॅन सरसकट करू नका. ताईच्या बाबतीत एखादा लागेलही, म्हणून विचारायचं. परस्पर नाही म्हणायचं नाही.

आणि दुसरं मत घ्यायचं असेल तर नवी बायोप्सी लागत नाही. पॅथॉलॉजी विभागात तिचे ब्लॉक आणि स्लाइड (मेणात जपलेला गाठीचा तुकडा आणि त्याचे काचेवरचे पातळ काप) जपून ठेवलेले असतात. अर्ज करून मिळतात, तेच दुसरीकडे दाखवायचे.

तेजू | २ फेब्रुवारी

वाचते आहे. ताईंना खूप शुभेच्छा.

खिडकी_क्र_४ | ३ फेब्रुवारी

मनवा, मी एका हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात १४ वर्षं काम करते आहे. नाव-गाव सांगत नाही, पण आयडीवरून कळेलच की मी कुठे बसते.

तुमच्या हॉस्पिटलातही असं कुणीतरी असणार. पाटी 'वैद्यकीय समाजसेवक' किंवा तशीच काहीतरी असते, आणि ती बहुधा कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी लावलेली असते. काउंटरवर विचारू नका, वॉर्डातल्या सिस्टरना विचारा, त्या सरळ घेऊन जातील. आमच्याकडे लोक येतात तेव्हा चार केमो झालेल्या असतात, दागिने गेलेले असतात, आणि पाचवीला पैसे नाहीत म्हणून दोन आठवडे चुकलेले असतात. निदानाच्या आठवड्यात आलात तर अर्धं काम सोपं.

सगळ्यात आधी एक कागद मिळवा: संपूर्ण उपचारांचं अंदाजपत्रक. हॉस्पिटलच्या लेटरहेडवर, डॉक्टरांच्या सहीशिक्क्यासह, आणि त्यात फक्त ऑपरेशन नको. केमो किती, इंजेक्शनचे डोस किती, रेडिएशनच्या बैठका किती, मधल्या तपासण्या कोणत्या, सगळं आकड्यात. ट्रॅस्टुझुमॅब चालू असताना हृदयावर लक्ष ठेवायला साधारण दर तीन महिन्यांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात, तो अंदाजपत्रकात हमखास राहून जातो. न्यास, सरकारी योजना, कंपनीचा कल्याणनिधी, सगळे या एका कागदावर ठरवतात. 'ऑपरेशनचा खर्च' एवढंच लिहून नेलंत तर मंजुरीही तेवढ्याचीच येते आणि वर्षभराच्या इंजेक्शनांसाठी पुन्हा पहिल्यापासून खेटे घालावे लागतात.

त्याबरोबर पॅथॉलॉजी रिपोर्ट, डॉक्टरांचं पत्र, ओळखपत्र, उत्पन्नाचा दाखला, आणि विमा असेल तर त्यातून किती मिळणार आहे याचं पत्र. प्रत्येकाच्या ७-८ प्रती काढून ठेवा. एका वेळी एकच अर्ज करून उत्तराची वाट बघत बसू नका, चार ठिकाणी करा, मात्र प्रत्येकाला बाकीच्या तिघांची नावं खरी सांगा. लपवलेलं आम्हाला कळतंच, कारण पैसे बहुतेक वेळा रुग्णाच्या हातात न जाता थेट हॉस्पिटलच्या खात्यात येतात आणि तिथे सगळ्यांचे कागद एकाच फाइलमध्ये लागतात.

मंजुरीच्या पत्रावर मुदत असते. ती वाचा! गेल्या वर्षी एका गृहस्थांनी पत्र घरी जपून ठेवलं होतं, "अगदी अडचण आली तर वापरू" म्हणून. आणलं तेव्हा मुदत संपून अकरा दिवस झाले होते.

ताईंच्या हात पसरण्याबद्दल. आमच्याकडे अर्ज येतात तेव्हा निधी आधीच बाजूला काढलेला असतो, त्याची वार्षिक तरतूद असते, तो कुणाला द्यायचा हे ठरवायला समिती बसते. आणि वर्ष संपताना तो शिल्लक राहिला तर आम्हाला जाब विचारतात. हे त्यांना सांगून बघा. शिक्षक माणसाला तरतूद आणि समिती बरोबर कळते.

निसर्गवेडा | ३ फेब्रुवारी

एवढा खर्च करण्याआधी एकदा नैसर्गिक उपचारांचाही विचार व्हावा. माझ्या परिचयात एकांच्या गाठी केमोशिवाय विरघळल्या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

रानजाई | ३ फेब्रुवारी

निसर्गवेडा, व्यनि नको. इथे आलेल्या माणसाला उपचार टाळायला सांगणं हा मदतीचा प्रकार नाही. हर-टू पॉझिटिव्ह कॅन्सर वेगाने वाढतो आणि याच इंजेक्शनने त्याचं चित्र बदललंय. विषय संपला, धागा भरकटू देऊ नका.

हिशेबनीस | ४ फेब्रुवारी

मनवाताई, विम्याच्या दाव्यांचं काम केलं आहे, म्हणून मुद्द्याचं लिहितो.

पॉलिसीचा पूर्ण मसुदा मागवून घ्या. जाहिरातीचं पान नव्हे, बारीक अक्षरांचं पुस्तक. त्यात तीन गोष्टी शोधा. केमो आणि इंजेक्शनला रुग्ण रात्रभर दाखल नसतो, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येतो. तुमच्या पॉलिसीत हे 'डे-केअर' म्हणून धरलंय का? मग उपमर्यादा. एकूण रक्कम भरभक्कम दिसते, पण केमोला किंवा ट्रॅस्टुझुमॅबसारख्या लक्ष्यवेधी औषधांना वेगळी, छोटी टोपी घातलेली असू शकते. आणि खोलीभाड्याची अट. ठरलेल्या वर्गापेक्षा वरची खोली घेतली तर काही पॉलिसींत फक्त भाड्याचा फरक कापत नाहीत, सर्जनच्या फीसकट सगळं बिल त्या प्रमाणात कापतात. एका खिडकीच्या उजेडासाठी लोकांनी मोठी रक्कम घालवलेली पाहिली आहे.

पूर्वमंजुरी प्रत्येक केमोला वेगळी लागते की पूर्ण क्रमाला एकदाच, हे लेखी विचारा. पॉलिसीचं वर्ष मध्येच संपत असेल तर नूतनीकरणाची तारीख भिंतीवर लिहा, मोबाइलच्या भरवशावर राहू नका. उपचारांच्या गडबडीत हप्ता चुकला आणि छत्री ऐन पावसात मिटली, असं होतं. त्याची चांगली बाजू अशी की पॉलिसी अखंड राहिली तर नव्या वर्षात विम्याची रक्कम पुन्हा पूर्ण मिळू शकते. इंजेक्शनं वर्षभर चालणार असल्याने तुम्ही दोन पॉलिसी-वर्षांत पसरणारच, ते कागदावर मांडून बघा.

आणखी एक. ताईंच्या किंवा भावजींच्या नावावर कधीकाळी घेतलेली 'क्रिटिकल इलनेस' पॉलिसी आहे का? नोकरीतल्या सामूहिक विम्यातही कधी कधी ती जोडलेली असते आणि कुणाच्या लक्षात नसते. तिची रक्कम बिलांवर नव्हे, निदानावर एकरकमी मिळते. अटी दोन बघा: निदानानंतर ठरावीक दिवस गेले पाहिजेत, आणि 'इन सिटू' म्हणजे जागेवरच असलेला कॅन्सर बऱ्याच पॉलिसी वगळतात. हे पैसे घरखर्चाला, प्रवासाला, बिनपगारी रजेला वापरता येतात, जिथे न्यास सहसा मदत करत नाहीत.

दावा नाकारला गेला तर ते पहिलं उत्तर समजा. नाकारण्याचं कारण कलमासकट लेखी मागा आणि त्याच कलमावर डॉक्टरांचं पत्र जोडून पुन्हा पाठवा.

मनवा_के | ४ फेब्रुवारी

तुम्ही सगळे... काय बोलू. अंदाजपत्रक उद्याच मागते. क्रिटिकल इलनेसचं ताईला विचारलं, "असलं काही नाही" म्हणाली. मग भावजींनी कपाटातली पिशवी उपसली. आहे! ११ वर्षांपूर्वीची, छोटीच आहे, पण आहे.

मिलिग्रॅम | ५ फेब्रुवारी

हॉस्पिटल फार्मसीत आहे. ट्रॅस्टुझुमॅबबद्दल थोडं, कारण तुमच्या खर्चातला मोठा वाटा तोच असणार.

मूळ ब्रँडशिवाय आता त्याची बायोसिमिलर मिळतात, म्हणजे मूळ औषधाशी तुलना करून, तपासून मान्यता मिळालेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये हे औषध अत्यावश्यक यादीत घातलं आणि डिसेंबर २०१९ मध्ये पहिल्या बायोसिमिलरला पूर्वपात्रता, म्हणजे दर्जा तपासल्याची मान्यता, दिली. तेव्हा डॉक्टरांना निःसंकोच विचारा.

आता बाटल्यांचा हिशेब. शिरेतून द्यायचा डोस वजनावर ठरतो: पहिला किलोमागे ८ मिलिग्रॅम, पुढचे दर तीन आठवड्यांनी किलोमागे ६. ताईंचं वजन ५५ धरा. पहिला डोस ४४०, नंतरचा प्रत्येक ३३०. औषधाची एक बाटली ४४० मिलिग्रॅमची येते. प्रत्येक डोसला नवी बाटली फोडली तर १८ डोसांना १८ बाटल्या लागतात आणि दुसऱ्या डोसपासून दर वेळी ११० मिलिग्रॅम फेकून दिलं जातं.

पण त्या बाटलीसोबत आलेल्या, जंतुवाढ रोखणाऱ्या पाण्यातच ती कालवली आणि २ ते ८ अंशांत ठेवली तर २८ दिवस वापरता येते. पुढचा डोस २१ दिवसांनी असतो! म्हणजे उरलेलं औषध पुढच्या डोसला चालतं, चार डोसांना तीन बाटल्या पुरतात. पूर्ण वर्षाला १४.

अटी नीट वाचा. साध्या निर्जंतुक पाण्यात कालवलं असेल तर हा हिशेब लागू नाही. १५० मिलिग्रॅमची बाटली एकदाच वापरायची असते. उरलेली बाटली हॉस्पिटलच्या फार्मसीने, ताईंच्या नावाचं आणि तारखेचं लेबल लावून, त्यांच्या फ्रिजमध्ये ठेवायची, तुम्ही घरी न्यायची नाही. वजन बरंच बदललं तर डोसही बदलतो. तुमच्या फार्मसीत ही पद्धत आहे का, एवढंच विचारा. त्वचेखाली द्यायचंही एक रूप आहे, ते काही मिनिटांत होतं पण त्याचा डोस सगळ्यांना ६०० मिलिग्रॅम, तिथे वजनाचा फायदा नाही.

औषध कंपन्यांच्या रुग्णसाहाय्य योजना असतात, त्यांत नोंदणी बऱ्याचदा पहिल्या डोसच्या आधी करावी लागते. हे ऑपरेशनच्या आधीच विचारून ठेवा.

दोरा_सुई | ५ फेब्रुवारी

मिलिग्रॅम, तुम्ही मला चार वर्षांपूर्वी का नाही भेटलात!!

मनवा, मी शिवणकाम करते, घरूनच. मला रजा नाही, भरपगारी नाही आणि बिनपगारीही नाही. काम केलं तर पैसे. त्यामुळे मी केमोचं चक्र पाठ करून त्यावर धंदा बसवला. केमोच्या दिवशी उलटी-मळमळीच्या औषधांचा अंमल असतो, त्या दिवशी विशेष काही होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाचव्यापर्यंत मी आडवी. सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली, तेव्हा गिऱ्हाईक घरात घ्यायचं नाही. तिसरा आठवडा माझा! सगळी मापं, सगळी डिलिव्हरी त्या आठवड्यात. दर केमोला हे थोडं पुढेमागे झालं आणि चौथ्यानंतर थकवा वाढला, पण आराखडा टिकला.

मदतीलाही हेच लावा. "काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्या माणसाला काहीच सांगता येत नाही. त्याला तारीख द्यायची. "१७ तारखेला चौथा दिवस आहे, धाकट्याला शाळेतून आणशील का?" याला लोक पटकन हो म्हणतात.

ऑपरेशननंतरची नळी (ड्रेन) आठवडा-दोन आठवडे राहते, तिची बाटली धरून फिरणं नको होतं. पुढून बटणांचे दोन सैल सदरे घ्या आणि आतून खिसा शिवा. डोक्यावरून घालायचं काही नको, हात वर जात नाही. स्तन काढला तर सुरुवातीला सुती कापडात मऊ कापूस भरलेला हलका आकार वापरता येतो, सिलिकॉनचा जखम भरल्यावर. मी आता असे आकार शिवून देते. पैसे घेत नाही, विचारू नका.

आबा_१९५९ | ६ फेब्रुवारी

धागा वाचून राहवलं नाही. मला स्वतःला हा आजार झाला होता. होय, पुरुषाला. २०२२ मध्ये जगात सुमारे २३ लाख बायकांना निदान झालं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि एकूण रुग्णांत पुरुष अर्धा ते एक टक्का. त्यातला मी.

सांगायचं कारण वेगळं. तीन ठिकाणी अर्ज केला, दोन अर्जांवर छापलेलं होतं 'महिला रुग्णाचे नाव'. एका ठिकाणी संगणक पुढेच जाईना. मी पत्र लिहिलं की आपली योजना आजारासाठी आहे की लिंगासाठी, कृपया खुलासा व्हावा. महिन्याने मंजुरी आली, खुलासा नाही आला. तेव्हा पोरी, अर्ज परत आला तर मनाला लावून घेऊ नकोस, पत्र लिही. आणि प्रत ठेव.

तेजू | ६ फेब्रुवारी

लोकवर्गणीच्या वेबसाइटवर टाकलं तर? माझ्या मैत्रिणीच्या आईसाठी बऱ्यापैकी जमले होते.

हिशेबनीस | ६ फेब्रुवारी

माझं मत विरोधी. फोटो, रिपोर्ट, मुलांची नावं एकदा जाळ्यावर गेली की परत येत नाहीत. मंचाचं शुल्क किती, 'ऐच्छिक' देणगीच्या नावाखाली किती, हे कुणी वाचत नाही. आणि पहिल्या दोन दिवसांत जे ओळखीचे देतात तेवढेच बऱ्याचदा देतात. मग ते त्यांच्याकडूनच सरळ का घेऊ नयेत?

खिडकी_क्र_४ | ६ फेब्रुवारी

हिशेबनीस, सरळ मागता येत नाही म्हणूनच लोक तिथे जातात. ज्यांना उत्पन्नाच्या अटीमुळे कुठेच बसवता येत नाही, थोडक्यासाठी वर जातात, त्यांना मीच हा मार्ग सुचवते. फक्त पैसे हॉस्पिटलच्या खात्यात जातील असंच मांडायचं, रुग्णाचा चेहरा न दाखवता अंदाजपत्रक दाखवायचं, आणि मुलांना त्यातून पूर्ण बाहेर ठेवायचं. आपोआप फोन करून "आम्ही मोहीम चालवून देतो, कमिशन द्या" म्हणणाऱ्यांना मात्र उभं करू नका.

हिशेबनीस | ६ फेब्रुवारी

चेहरा न दाखवता, खातं हॉस्पिटलचं, या दोन अटींवर माघार. तिसरी: गोळा झालेले आणि खर्चलेले आकडे देणाऱ्यांना कळवायचे.

मनवा_के | २५ फेब्रुवारी

अपडेट. ऑपरेशन झालं, स्तन वाचवता आला, काखेतल्या गाठी थोड्याच काढाव्या लागल्या. खोली ठरलेल्या वर्गातलीच घेतली (खिडकीला उजेड नाही, हिशेबनीस, पण ताईला त्याचं काही नाही). बटणांचे सदरे हिट आहेत.

अंदाजपत्रकासाठी चार चकरा झाल्या. पहिल्यात फक्त केमो होती, दुसऱ्यात इको नव्हता, तिसऱ्यावर शिक्का नव्हता. चौथं बरोबर. समाजसेवक बाई भेटल्या, जिन्याखालच्या खोलीत बसतात! दोन न्यासांकडे आणि शाळेच्या कल्याणनिधीकडे अर्ज गेलेत.

शाळेच्या निधीसाठी मुख्याध्यापिकांची सही लागते, म्हणून ताईला सांगावंच लागलं. आणि मग तिने स्वतःच स्टाफच्या गटावर लिहिलं: "मला कुणी भेटायला येऊ नये. ज्यांना काही करायचं आहे त्यांनी सोबतच्या तक्त्यात एक वार निवडावा." खाली २१ दिवसांचं वेळापत्रक. हातच्या अक्षरात, रकाने आखून. दोरा_सुई, तुमचा धडा तिने पुढच्या वर्गाला शिकवला.

रानजाई | २५ फेब्रुवारी

ताई भारी आहे.

आता ऐक. केमो सुरू झाली की दाराजवळ एक पिशवी: फाइलची प्रत, विम्याचं कार्ड, औषधांची यादी, थर्मामीटर, एक जोडी कपडे. ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, झाला की सकाळची वाट बघायची नाही, घरची तापाची गोळी देऊन बघायचं नाही, सरळ हॉस्पिटल. रात्री गाडी कोण काढणार ते आजच ठरव, आणि त्याला सांगून ठेव.

अजून एक, हॉस्पिटलात आधीच्या रुग्ण भेटायला येतात का ते विचार. ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेत टेरीस लॅसर नावाच्या बाईंनी १९५२ मध्ये सुरू केली, त्या स्वतः रुग्ण होत्या. ताईला जे तुला विचारवत नाही ते ती अशा एखादीला विचारेल.

मनवा_के | १८ एप्रिल

दुसऱ्या केमोनंतर दहाव्या रात्री दीड वाजता १००.८. पिशवी उचलली, शेजारच्या काकांनी गाडी काढली. आपत्कालीन विभागात आधी अनामत भरा म्हणाले. मी कार्ड आणि पूर्वमंजुरीचं पत्र पुढे केलं आणि म्हटलं, "तिची केमो चालू आहे, आज दहावा दिवस आहे." 'दहावा दिवस' ऐकल्यावर तिथली सिस्टर उठलीच. अर्ध्या तासात अँटिबायोटिक सुरू. पाच दिवसांनी घरी.

रानजाई, तुझी पोस्ट मी त्या रात्री तीनदा वाचली. बास.

खिडकी_क्र_४ | १९ एप्रिल

या पाच दिवसांचं बिल मूळ अंदाजपत्रकात नाही. डॉक्टरांकडून पुरवणी पत्र घ्या आणि न्यासांना याच आठवड्यात कळवा. काही ठिकाणी वाढीव मंजुरी मिळते, पण महिन्याभराने गेलात तर अवघड.

मनवा_के | २१ ऑगस्ट

केमो संपून दीड महिना झाला. रेडिएशन चालू आहे, १५ बैठका, सोमवार ते शुक्रवार, तीन आठवडे. आधी २५ लिहिलं होतं. मी विचारलं की कमी दिवसांत होतं का, तर डॉक्टर म्हणाले, "तुमच्या केसमध्ये १५ चालेल, मी बदलतो." विचारलं नसतं तर दोन आठवडे जास्त गाडी काढावी लागली असती.

मिलिग्रॅम | २१ ऑगस्ट

छान. काही निवडक रुग्णांना ५ बैठकांतही देतात. ब्रिटनमधल्या 'फास्ट-फॉरवर्ड' चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले, त्यानंतर हे वाढलंय. पुढे हा धागा वाचणाऱ्यांनी विचारून बघावं. ज्यांना रोजच्या प्रवासासाठी दुसऱ्या गावी राहावं लागतं, त्यांच्या खर्चात या एका प्रश्नाने बराच फरक पडतो. बाटल्यांचं काय झालं?

मनवा_के | २२ ऑगस्ट

फार्मसीवाले आधी "आमच्याकडे असं करत नाही" म्हणाले. मग तुमचा हिशेब कागदावर लिहून डॉक्टरांकडे नेला. त्यांनी फार्मसीप्रमुखांना फोन केला. तिसऱ्या डोसपासून सुरू झालं.

आबा_१९५९ | २२ ऑगस्ट

प्रत ठेवलीस ना कागदाची?

मनवा_के | २२ ऑगस्ट

ठेवली आबा. :)

मनवा_के | ६ एप्रिल

मंडळी, १८वा डोस गेल्या आठवड्यात झाला. इको व्यवस्थित. ताई जानेवारीपासून अर्धवेळ शाळेत जाते आहे, जूनपासून पूर्णवेळ. आता हार्मोन रोखणारी रोजची एक गोळी, किमान ५ वर्षं. ती जेनेरिक मिळते, खर्चाचं ओझं नाही. विम्याचं नूतनीकरण झालं, तारीख अजून भिंतीवर आहे.

पैशांचा शेवटचा हिशेब असा: साधारण निम्मं विम्याने दिलं, तेही दोन पॉलिसी-वर्षांत मिळून. एक दावा नाकारला होता, कलमासकट पत्र लिहिल्यावर पास झाला. दोन न्यास आणि शाळेचा निधी मिळून इंजेक्शनांचा मोठा भाग. क्रिटिकल इलनेसच्या पैशांतून तिच्या बिनपगारी रजेचे महिने निघाले. ठेवी जवळजवळ शाबूत आहेत.

एक गंमत झाली. एका न्यासाने १८ बाटल्यांचे पैसे हॉस्पिटलकडे मंजूर केले होते. तिसऱ्या डोसपासून बचत सुरू झाल्याने लागल्या १४. चार बाटल्यांची रक्कम हॉस्पिटलच्या खात्यावर पडून होती. ताई म्हणाली, परत पाठवायची. मी न्यासाच्या कार्यालयात फोन केला, तर पलीकडचा कारकून बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "बाई, मागायचा फॉर्म आहे, वाढीव मागायचा आहे, मुदतवाढीचा आहे. परत करायचा फॉर्म आमच्याकडे नाही. तुम्ही साध्या कागदावर लिहून द्या."

ताईने काल बसून लिहिलं. तीन प्रती, डाव्या बाजूला समास सोडून.